बुलेट घाटात मागून लचकते, वजन उतरवलं तरी लचकते : कुठले किलो काढायचे?

तक्रार नेमकी अशी. जुनी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५०. सपाट रस्त्यावर पन्नास-पंचावन्नला निवांत चालते. घाट उतरताना मात्र लांब वळणावर, त्यातही डांबराचा जोड किंवा खड्डा आला, की मागचा भाग डावी-उजवीकडे लचके देतो. हँडल घट्ट धरावं तर लचके वाढतात. मेस्त्रीकडे न्यावी, तो काहीतरी बदलतो, महिना-दोन महिने बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतं, गाडीचं वजन उतरवा. तेही करून होतं आणि लचका काही जात नाही.

वडिलांनी घेतलेल्या १९७३ च्या गाडीवर हा फेरा मी तीनदा केला. आमचं वाई ते पाचगणी येणं-जाणं पसरणी घाटातून, म्हणजे दुखणं लपायला जागाच नाही. वजन उतरवण्याचा सल्ला चुकीचा नाही. पण किती किलो काढले यापेक्षा ते कुठून काढले याला महत्त्व आहे, आणि चिमट्याचे (मागचं चाक धरून वर-खाली हलणारा दोन टोकांचा दांडा, म्हणजे स्विंगआर्म) बुश गेलेले असतील तर तीस किलो काढूनही लचका राहतो. माझी पहिली दोन वर्षं आणि बरेच पैसे याच चुकीत गेले.

आधी दुखणं ओळखा

गाडी हलते म्हणून सगळे एकच तक्रार सांगतात, पण हलण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत.

एक म्हणजे हँडलची थरथर. हात हलका केला की चाळीस ते साठच्या दरम्यान हँडल झपाझप डावी-उजवीकडे हलतं, सेकंदाला सहा-आठ वेळा तरी. याचं मूळ पुढे असतं : ढिला किंवा खळी पडलेला कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), रिमला आउट म्हणजे वाकडेपणा, पुढच्या टायरची असमान झीज, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये कमी-जास्त तेल.

दुसरा म्हणजे लचका. हा संथ असतो, सेकंदाला दोन-तीन हेलकावे, आणि कमरेला आधी कळतो, हाताला नंतर. वेगाबरोबर वाढतो, मागे माणूस किंवा सामान असेल तर आणखी वाढतो. याचं मूळ बहुतेक वेळा मागे असतं : चिमटा, मागचे शॉकअब्सॉर्बर, मागचं टायर, आणि मागच्या एक्सलच्या पलीकडे लटकलेलं वजन.

माझा दुसरा प्रकार होता, आणि मी पहिल्या खेपेला नवा कोनसेट टाकून आलो. जुना खरंच खराब होता, त्यामुळे गाडी थोडी सुधारली आणि मला वाटलं झालं. दुसऱ्या खेपेला टायर बदलले. मागे भारदस्त दिसावं म्हणून ४.०० चं जाड टायर टाकून घेतलं. त्याने दुखणं वाढवलं, पण नवं टायर असल्यामुळे ते मला दोन महिने कळलंही नाही. तिसऱ्या खेपेला एका गॅरेजमध्ये गाडी हलकी करायला दिली. तिथे पुढचं मडगार्ड कापलं, टूलबॉक्स काढले, साडीगार्ड काढलं. एकूण सहा-सात किलो उतरले असतील. मागचं कॅरियर आणि पेट्यांच्या फ्रेम तशाच राहिल्या, कारण त्या मला लागत होत्या. गाडी आधीपेक्षा वाईट चालू लागली.

वाईतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो तेव्हा त्यांनी गाडी चालवूनही पाहिली नाही. मधल्या स्टँडवर चढवली, शॉकअब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढले, चिमट्याची मागची टोकं दोन्ही हातांनी धरली आणि आडवी हलवली. ठक्, ठक्. आवाज मला चार फुटांवरून ऐकू आला.

"वजन मागनं काढ," ते म्हणाले. "आधी ह्यो चिमटा हलतोय त्याचं बघ की रं."

हीच तपासणी तुम्ही घरी करा. बोल्ट काढल्याशिवाय करू नका. शॉकअब्सॉर्बर जोडलेले असताना ढिलाई दबून राहते. वर-खाली चिमटा मोकळा हलायला हवा, आडवा अजिबात हलता कामा नये. बुशांमध्ये अर्धा मिलिमीटर खेळ असेल तर एक्सलपाशी तो कित्येक पट होतो, आणि तेवढ्याने मागचं चाक वळणात स्वतःच्या मर्जीने दिशा बदलतं. माझ्या चिमट्याची पिन एका बाजूने अंडाकृती झिजली होती. नवी पिन घेतली, लेथवाल्याकडून पिनेच्या मापाचे ब्राँझ बुश करून घेतले, ग्रीस भरलं. त्याच बैठकीत इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन फ्रेमला बांधणारे बोल्ट, कसले.

फाउंडेशन बोल्ट बरेच जण विसरतात. जुन्या बुलेटच्या फ्रेमला इंजिनाखालून जाणारा पूर्ण पाळणा नाही. पुढून खाली येणारा एकच पाइप इंजिनाला येऊन मिळतो आणि तिथून पुढे इंजिन हाच फ्रेमचा भाग होतो. त्यामुळे हे बोल्ट ढिले असले की फ्रेमच ढिली असते. सिलेंडरच्या हेडला फ्रेमशी बांधणारी वरची पट्टीही याच कामाची आहे. वजन कमी करताना ती कोणी काढायला सांगितली तर ऐकू नका.

एवढं केल्यावर लचका निम्म्याहून जास्त गेला. उरला तो वजनाचा, आणि तिथून खरं काम सुरू झालं.

काटा आणा, अंदाज नको

गाडी नुसती जड आहे म्हणून भागत नाही, पुढच्या चाकावर किती आणि मागच्या चाकावर किती ते कळायला हवं. मी ओळखीच्या भुसार दुकानातला पोत्यांचा सपाट काटा वापरला. पुढचं चाक काट्यावर, मागचं चाक काट्याच्याच उंचीच्या फळीवर, गाडी सरळ उभी, एकाने नुसता बोटाने आधार दिलेला. मग उलट. टाकी दोन्ही वेळा अर्धी. फळी विसरलात तर गाडी कलते आणि आकडे चुकतात.

पहिलं वजन : पुढे ८२, मागे ११०, एकूण १९२ किलो. म्हणजे पुढच्या चाकावर ४३ टक्क्यांहूनही कमी, आणि हे मी वर बसायच्या आधी. मी बसलो की माझा बराचसा भार मागेच जातो. घाटात पुढचं चाक हलकं आणि शेपूट जड असलेली गाडी लचकणार नाही तर काय करेल?

आता मागे लटकणाऱ्या वजनाचा हिशेब बघा. बुलेटच्या दोन एक्सलमधलं अंतर सुमारे १३७० मिमी. मागच्या एक्सलच्या ४०० मिमी मागे दहा किलोची पेटी बांधली, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकावरून जवळजवळ तीन किलो उचलले जातात आणि मागच्या चाकावर तेरा पडतात. शिवाय वळणात ती पेटी लंबकासारखी ओढत राहते. तेच दहा किलो टाकीवरच्या बॅगेत ठेवले तर दोन्ही चाकांवर वाटले जातात. वजन तेच, पण त्याचा परिणाम कुठल्या कुठे.

म्हणून माझा क्रम असा ठरला : आधी मागच्या एक्सलच्या मागचं वजन, मग उंचावरचं, मग चाकांवरचं. इंजिनाच्या आसपास, खाली, मध्यभागी असलेल्या वजनाला हात लावायची मला गरज वाटली नाही. तिथला किलो वळणात सगळ्यात कमी त्रास देतो.

काय काढलं, किती उतरलं

मागचं लोखंडी कॅरियर आणि दोन्ही बाजूंच्या पेट्यांच्या फ्रेम मिळून ८.४ किलो. पेट्या रिकाम्या असतानाही हे ओझं रोज फिरत होतं. चार बोल्ट आणि दोन क्लॅम्प काढायला अर्धा तास लागला. काहीही विकत न घेता गाडी सगळ्यात जास्त सुधारली ती इथेच. आता सामान असलं तर कापडी बॅग मागच्या सीटवर, पाठीला टेकवून बांधतो.

लेगगार्ड. जाड पाइपचा, त्यावर लांब फूटरेस्ट आणि दोन जादा दिवे, सगळं मिळून ९.६ किलो निघालं. त्याजागी साधा एका पाइपचा, २.८ किलोचा लावला. लेगगार्ड पूर्ण काढला नाही. गाडी पडली तर गुडघा आणि इंजिनाची बाजू वाचवणारी वस्तू ती आहे. वजन उतरवण्याच्या नादात ती काढलेल्या गाड्या मी पाहतो तेव्हा मला काळजी वाटते.

बॅटरी. गाडी मूळची ६ व्होल्टची, नंतर १२ व्होल्ट करून घेतलेली, आणि त्या वेळी सेल्फस्टार्टच्या गाडीत असते तशी १४ अँपिअर-तासांची बॅटरी बसवली होती. आपल्याला किक आहे, दिवे आणि इग्निशनपुरती बॅटरी हवी. ५ अँपिअर-तासांची पुरते. २.८ किलो उतरले. याहून हलकी लिथियम बॅटरी बसवायची असेल तर आधी मल्टिमीटर लावा. इंजिनाचा वेग चढवल्यावर बॅटरीच्या टोकांवर १४.६ व्होल्टच्या वर जात असेल तर जुना रेग्युलेटर ती बॅटरी मारेल. आधी रेग्युलेटर बदला.

सीट. आधीच्या कोणीतरी स्प्रिंगच्या सीटवर आणखी जाड थर आणि खाली प्लायवूड घालून ती उंच केली होती. मूळ पत्र्यावर नवा फोम आणि रेक्झिन घालून २.६ किलो उतरले आणि मी स्वतःही दोन बोटं खाली आलो. माझं वजन ७४ किलो. ते दोन बोटं खाली येणं हे कुठल्याही मडगार्डाच्या पत्र्यापेक्षा मोठं काम आहे.

परत लावलेल्या टूलबॉक्समधून ३.१ किलो निघाले : जुनी चेन, दोन ट्यूब, वडिलांच्या काळापासूनचे पाने, नटबोल्टांचा डबा. एक प्लग, प्लगपाना, दोन पाने, पक्कड, केबल, एक ट्यूब एवढं परत ठेवलं. सायलेन्सरची कोणीतरी वेल्डिंग करून जाड केलेली नळी बदलून साधी टाकली, दीड किलो गेले.

शेवटी चाकं. इथे खर्च आहे, पण किलोमागे गुण सगळ्यात जास्त इथेच. चाक, टायर, ब्रेक ड्रम हे स्प्रिंगच्या खालचं वजन. खड्डा आला की ते वर उडतं आणि शॉकअब्सॉर्बरला ते आवरावं लागतं. जितकं जड, तितकं टायर रस्ता सोडून जास्त वेळ हवेत. त्यातही रिम आणि टायर परिघावर असतात, म्हणून वेग घेताना ते जवळजवळ दुप्पट जाणवतात, कारण त्यांना पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही. गाडी डावीकडून उजवीकडे पाडताना हाताला जो जडपणा लागतो तोही बराचसा फिरत्या चाकांचाच.

पण रिमच्या आधी टायर बघा. माझं ४.०० चं मागचं टायर काढून ३.५० टाकलं, त्यात १.४ किलो उतरले. शिवाय मूळच्या अरुंद रिमवर रुंद टायर चिमटून बसतं आणि त्याचा माथा टोकदार होतो, तो दोषही गेला. मग लोखंडी रिमच्या जागी ॲल्युमिनियमच्या रिम, प्रत्येकी १.१ किलोची बचत. आरे नवेच घालून घ्या, जुने आरे नव्या रिमच्या भोकांना मापात बसत नाहीत. आणि चाक बांधणारा माणूस निवडून घ्या. आउट असलेली हलकी रिम, सरळ असलेल्या जड रिमपेक्षा वाईट.

पुन्हा त्याच काट्यावर, अर्ध्या टाकीने : पुढे ७५.५, मागे ८७.५, एकूण १६३ किलो. २९ किलो उतरले. त्यातले साडेबावीस मागच्या चाकावरचे, आणि पुढचा वाटा ४६ टक्क्यांच्या वर आला.

याला हात लावू नका

पुढचं मडगार्ड आणि त्याच्या पट्ट्या. दिसायला पत्रा, पण तो फोर्कच्या दोन्ही पायांना एकमेकांशी बांधून ठेवतो. माझ्या तिसऱ्या खेपेला गाडी वाईट झाली ती याच्यामुळे. अर्धं कापलेलं मडगार्ड बारीक पट्टीवर लटकत होतं आणि ब्रेक मारला की दोन्ही पाय वेगवेगळे वळत होते. मी भंगारातून मूळचं मडगार्ड शोधून, ठोकून सरळ करून परत बसवलं. त्याचं वजन वाढलं ते मी आनंदाने सोसलं.

ब्रेकची पाटी, स्प्रॉकेट, फूटरेस्टच्या पट्ट्या यांना भोकं पाडू नका. ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचं हे एका सिलेंडरचं इंजिन मनसोक्त थरथरतं, आणि प्रत्येक भोक ही चिरेची सुरुवात असते. लोखंडी पट्टीच्या जागी त्याच जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी लावली तरी तेच होतं. फ्लायव्हील लेथवर उतरवायला कोणी सांगेल. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी जी सावकाश ओढते ती त्या वजनाच्या जोरावर. ते गेलं की चढावर गाडी बंद पडते आणि वळणात काहीच मिळत नाही.

बुलेटचं वजन उतरवणं ही काही आजची गोष्ट नाही. जॉनी ब्रिटन या इंग्लिश रायडरने १९५२ आणि १९५७ साली स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही खडतर वाटांवरची स्पर्धा जिंकली ती बुलेटवर. पण ट्रायल्सची गाडी एकट्या माणसाची, चालण्याच्या वेगाने दगडांवर चढणारी. तिचे फोटो बघून आपल्या रस्त्यावरच्या गाडीचं सगळं काढू नये. आपल्या मागे माणूस बसतो.

म्हणूनच साडीगार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये, मागे माणूस बसवायची सोय असलेल्या दुचाकीला धरायचा दांडा, फूटरेस्ट आणि मागचं चाक किमान अर्धं झाकणारं संरक्षण असायलाच हवं. माझं साडीगार्ड गॅरेजच्या कोपऱ्यात पडलं होतं ते मी परत लावलं. आई अजूनही मागे बसते, साडी नेसून.

कागदांचा आणखी एक मुद्दा, गाडी पन्नाशीच्या पुढची असेल तर. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या खासगी दुचाकीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण गाडी मूळ रूपात हवी आणि चासी किंवा इंजिनात मोठे बदल नकोत. कधी ना कधी तिकडे जायचा विचार असेल तर कापाकापी अजिबात करू नका. मी जे काढलं ते सगळं बोल्टने परत बसतं. मूळच्या रिम तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत.

वजन उतरलं आणि हँडल भिरभिरायला लागलं तर

हा टप्पा फार जण चुकवतात आणि मग वजन उतरवल्यामुळेच गाडी बिघडली असं म्हणतात.

मागून साडेबावीस किलो गेले की मागच्या स्प्रिंग पूर्वीइतक्या दबत नाहीत. शेपूट वर येतं, फोर्क जास्त उभा होतो, आणि हँडल पाऱ्यासारखं होतं. शिवाय कडक राहिलेली स्प्रिंग खड्ड्यावर चाकाला उडवते. कॅरियर काढल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात माझं हेच झालं.

मापून दुरुस्त करा. गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. एक्सलपासून सरळ वर मडगार्डवर खडूची खूण करा आणि अंतर मोजा. मग स्टँड काढा, रोजच्या कपड्यांत गाडीवर बसा, दोनदा दाबून सोडा, आणि दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्या. फरक चाकाच्या एकूण वर-खाली हालचालीच्या पाव ते तिसरा हिस्सा हवा. माझ्या मागच्या चाकाची ही हालचाल ७५ मिमीच्या आसपास आहे. बसल्यावर फक्त १२ मिमी दबत होतं. शॉकअब्सॉर्बरची, स्प्रिंगचा ताण ठरवणारी खाच चौथीवरून दुसरीवर आणली, २२ मिमी आले. हँडलची भिरभिर त्याच संध्याकाळी थांबली. खाचांची सोय नसलेले जुने शॉकअब्सॉर्बर असतील तर मऊ स्प्रिंग घालून घ्यावी लागते, दुसरा इलाज नाही. पुढच्या फोर्कमध्ये तेल दोन्ही पायांत मापाच्या भांड्याने सारखं भरा, नुसतं नजरेने नको.

हवाही कमी करावी लागते. मागे चाळीसची सवय मला सामानामुळे लागली होती. आता एकट्याने पुढे २० आणि मागे २८ ठेवतो, मागे कोणी असलं तर ३०. हवा सकाळी, टायर थंड असताना.

आणि चाकांची रांग. चिमटा, टायर, रिम असं काहीही उघडलं असेल तर चेन ताणताना दोन्ही बाजू सारख्या आल्या का हे चिमट्यावरच्या खुणांवर विसंबून ठरवू नका. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी सुतळी लावून पुढच्या टायरपर्यंत ताणा. पुढचं टायर अरुंद असल्यामुळे दोन्हीकडे फट राहील. ती फट दोन्ही बाजूंना सारखी हवी.

नव्या आऱ्यांची चाकं ३०० किलोमीटरनंतर पुन्हा त्याच माणसाकडे नेऊन आरे तपासून घ्या, ते बसताना ढिले होतात. चिमट्याचे बोल्टही त्याच वेळी पाहा. माझे फाउंडेशन बोल्ट त्या वेळी पाव फेरा फिरले. नंतर दर २,००० किलोमीटरला बघतो, आता ते हलत नाहीत.

टाकीचं एक राहिलं. १४.५ लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ पावणेअकरा किलो, आणि तेही गाडीच्या माथ्यावर. पाचगणीला जायचं असेल तर मी वाईत टाकी भरत नाही, पाच लिटर पुरतात. उतरताना जिथे डांबराचा तो जोड आहे, तिथे अजूनही मागचं चाक एकदा धप् करून बसतं. पण एकदाच.